पारव्याचे दोन तुकडे

मालकीणबाईंनी शेवटचा नमुना निवडायचं काम तिच्यावर सोपवलं, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो नमुन्याचा नव्हता, गालांचा होता. समोर मालकीणबाई रुमालानं चष्मा पुसत सावकाश बोलत होत्या, की शेडरूमचे साहेब तीस तारखेला निवृत्त होताहेत, एक तारखेपासून ती खोली तुमच्या ताब्यात, आणि रीतीप्रमाणे शेवटचा नमुना नव्या माणसानं निवडायचा असतो, तर तो तुम्ही बघा. तिनं मान डोलावली. तेवढ्यात नाकाच्या दोन्ही अंगांना ती ओळखीची टोचणी सुरू झाली, मग ऊब, मग गालांच्या उंचवट्यांवरून कानांकडे पसरत जाणारी आग. "पंखा वाढवू का? तुम्हाला उकडतंय," मालकीणबाई म्हणाल्या. "नाही, माझं असंच असतं," ती म्हणाली. झोपेतून उठवून काहीही विचारलं असतं तरी तिच्या तोंडून आधी हेच वाक्य पडलं असतं, इतक्या वेळा ते म्हणून झालं होतं. बाहेर येऊन ती जिन्यातल्या खिडकीपाशी थांबली आणि काचेला गाल टेकवला. काच गार होती. तीस तारखेला दहा दिवस होते. दहा दिवसांत तिला आपलं तोंड गप्प करायचं होतं.

रीत जुनी होती आणि तशी बिनकामाचीच. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात शेडरूमचा, म्हणजे रंग जुळवून बघायच्या खोलीचा मुख्य ज्या दिवशी निवृत्त होतो, त्या दिवशी चार वाजता सगळे शेडरूममध्ये जमतात. पिवळा आणि पांढरा असे दोन दिवे असलेल्या उजेडाच्या पेटीत दोन तुकडे ठेवले जातात, डावीकडे गिऱ्हाइकानं पाठवलेला, उजवीकडे कारखान्यानं रंगवलेला. मुख्य वाकून बघतो, "जुळतं" म्हणतो, शेड कार्डावर आपला गोल शिक्का शेवटचा मारतो आणि तो शिक्का नव्या माणसाच्या हातात देतो. मग टाळ्या, बिस्किटं, चहा. दोन्ही तुकडे एकाच ताग्यातून कापलेले असतात हे शेंबड्या पोरालाही कळावं. निरोपाच्या दिवशी कोण कुणाची परीक्षा घेतो? ती घेणार होती. घरच्या लोखंडी कपाटात, लोकरीच्या कपड्यांच्या घडीखाली, काळ्या कागदाच्या पाकिटात पारव्या रंगाचे दोन तुकडे पाच वर्षं पडून होते. काळा कागद अशासाठी, की उजेडानं रंग उडतो, आणि तिला त्या रंगातला एक कणही उडू द्यायचा नव्हता. माणसं डूख धरतात. तिनं तो नीट घडी घालून ठेवला होता.

शेडरूममध्ये रंगाला बंदी असते, हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. भिंती राखाडी, टेबल राखाडी, अंगात राखाडी कोट. नखांना रंग नको, ओठांना नको, कारण जवळचा कुठलाही भडक रंग नमुन्यावर आपली झाक टाकतो आणि डोळा फसतो. त्या खोलीत ती बाविसाव्या वर्षी आली, तेव्हा तिचं तोंड चारचौघींसारखंच होतं. गाल पेटायला लागले ते तिशीच्या आसपास. आधी येऊन जायचं, गरम चहा घेतला की, उन्हातून आलं की. मग ते येऊन राहायला लागलं. नाकाच्या कडेनं बारीक लाल शिरा उमटल्या, मग पुटकुळ्या. एके दिवशी साहेब पेटीत वाकलेले, ती शेजारी उभी, आणि साहेबांनी मान वर करून म्हटलं, "अगं, सिग्नल लागला की! लांब हो जरा, तुझ्या गालांचा लाल नमुन्यावर पडतोय." खोली हसली. ती पण हसली. अशा वेळी आपणही हसून घ्यायचं असतं, नाहीतर लोकांना अवघड होतं. त्या दिवसापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांची ती सिग्नल झाली. गंमत अशी, की लांब हो म्हणणाऱ्या साहेबांनी तिला कधी लांब होऊ दिलं नाही. रोज सकाळी हाक यायची, "सिग्नल कुठाय? इकडे ये, इथं उभी राहा." इथं म्हणजे पेटीच्या कोपऱ्याशी, जिथं आतला पांढरा उजेड थेट तोंडावर पडायचा. नमुना चुकलेला दिसला की तिला चैन पडायचं नाही, पण साहेबांच्या आधी तोंड उघडायची तिथं पद्धत नव्हती. साहेब कापडाकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "नाही. परत रंगवा." ते नेहमी बरोबर असायचे. तिला वाटायचं, केवढी नजर आहे या माणसाची, आणि आपल्याला शेजारी उभं करतात म्हणजे आपलीही काही किंमत आहे. अकरा वर्षं तिला असं वाटत होतं.

घरी गेल्यावर तिनं कपाटाच्या खणातून वही काढली. ताई जेवणाची ताटं घेत होती. ताई म्हणजे थोरली बहीण. नवरा गेल्यापासून तिच्याकडेच राहायची आणि घर आपलंच असल्यासारखी बोलायची. "परत वही? आता काय नवीन खाणं बंद?" ताई म्हणाली. "आजपासून दहा दिवस माझ्या ताटात तिखट नको. आणि चहा मी कोमट झाल्यावर घेईन." "कोमट चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी," ताई म्हणाली, पण तिखटाचा डबा तिनं वरच्या फळीवर ठेवला. ताईवर तिचा या बाबतीत जुना राग होता. पाच-सहा वर्षांमागं ताईनंच औषधांच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती, शेजारणीची सून लावते, चेहरा चंद्रासारखा होतो म्हणून. पंधरा दिवस खरंच चंद्रासारखा झाला. ट्यूब संपली आणि आगीतून फुफाट्यात. गालांवर पुटकुळ्यांचं शेत उगवलं. "मला काय माहीत त्यात काय घालतात," ताई पुढं वर्षभर म्हणत होती.

त्यानंतर ती चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि ती दुपारच सगळ्याच्या मुळाशी होती. कुणाला न सांगता गेली. घरी काम आहे म्हणून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, कारण तोंडासाठी रजा घेतली म्हटलं असतं तर सिग्नलची दुरुस्ती निघाली का, असं कुणीतरी म्हणालंच असतं. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी भिंगातून गाल बघितले, डोळ्यांच्या कडा बघितल्या आणि म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात. जिवाला धोका नाही. मुळासकट जात नाही, पण आवरता येतो." "कशानं होतो?" "तुमचा कशानं उसळतो ते तुम्हीच मला सांगायचं. वही करा. तारीख, किती लाल, आधी काय झालं होतं. ऊन, गरम पाणी, तिखट, चुलीची धग, वारा, उग्र साबण, मनाला लागलेलं काही. प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि ती ट्यूब पुन्हा आणू नका." आपल्या तोंडाला काहीतरी नाव आहे, या एवढ्याच गोष्टीनं तिला त्या दुपारी हलकं वाटलं होतं. रस्त्यानं येताना तिनं एक वही आणि रुंद काठाची टोपी घेतली होती. आणि नेमक्या त्याच दुपारी, ती खोलीत नसताना, साहेबांनी पारव्याचा लॉट पास केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कार्ड पुढं सरकवलं. "काल तू नव्हतीस, तुझी सही राहिलीय." खाली रंगाच्या टाक्यांत कापड केव्हाच पडलं होतं. अशा सह्या सगळेच करायचे. टाकी चालू झाल्यावर नमुना बघून करायचं काय? तिनं सही केली. बघितलं नाही. ही चूक तिचीच होती आणि ती तिनं स्वतःपाशी कधी नाकारली नाही. लॉट गेला आणि दीड महिन्यानं सगळाच्या सगळा परत आला. गिऱ्हाइकाकडे कोट शिवले होते, बाही एका ताग्याची, पाठ दुसऱ्याची, आणि उन्हात नेल्यावर बाही एका रंगाची न् पाठ दुसऱ्या. मग ती चौकशी. मालकीणबाईंचे वडील तेव्हा होते, त्यांच्या बंद खोलीत आठ माणसं, खिडकीतून उन्हाची तिरीप बरोबर तिच्या खुर्चीवर. "पांढऱ्या उजेडात तू नमुना बघितलास का?" म्हाताऱ्या मालकांनी विचारलं. मी तिथं नव्हतेच, असं तिला म्हणायचं होतं. मग कुठं होतीस, असं विचारलं असतं. डॉक्टरकडे. कशासाठी? यासाठी. आणि हे मनात येता येता ते उसळलंच, मानेपासून केसांपर्यंत, कानात ठोके पडायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आठ माणसं तिच्या तोंडाकडे बघत राहिली. साहेब शांतपणे म्हणाले, "सही तुझीच आहे ना?" "हो." साहेब मालकांकडे वळले. "चेहराच बोलतोय. मी वेगळं काय सांगू?" मागून कुणीतरी चोराच्या मनात चांदणं असं पुटपुटलं. तिच्याऐवजी तिचे गाल बोलले होते आणि धडधडीत खोटं बोलले होते.

शिक्षा म्हणून तिची गोदामात बदली झाली. जायच्या आधी तिनं परत आलेल्या ढिगातून दोन तुकडे कापून घेतले आणि खोलीत कुणी नसताना पेटीत ठेवले. पिवळा दिवा लावला. दोन्ही अगदी एक. पांढरा लावला, एक स्वच्छ पारवा, दुसऱ्यावर हिरवट झाक, बघणाऱ्याला हसू यावं इतकी. तेव्हा तिला उमगलं, की साहेबांनी पिवळ्यातच बघून काम उरकलं होतं. घरी जायची घाई असेल, बटण दाबायचा आळस आला असेल. एका बटणाचा आळस. त्यासाठी तिला पाच वर्षं पत्र्याखाली काढावी लागली. गोदामाचा पत्रा दुपारी असा तापायचा की ताग्यांना हात लावला तर ते अंगात ताप असल्यासारखे लागायचे. तिच्या वहीची पानंच्या पानं त्या पत्र्यानं भरली. "दुपार, गोदाम, खूप लाल." "दुपार, गोदाम, खूप लाल, डोळे चुरचुरतात." इकडे साहेबांनी ती गेल्यावर महिन्याभरात रंग मोजायचं यंत्र मागवून घेतलं, आणि केवढा पुढचा विचार करतात म्हणून त्यांची वाहवा झाली. म्हातारे मालक गेले, मुलगी आली, आणि चार महिन्यांमागं मोजदाद करायला गोदामात उतरल्यावर तिनं बघितलं की ही बाई खिडकीपाशी उभी राहून यंत्रानं पास केलेल्या काळ्या ताग्यांतून चुकीचे तागे नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढतेय. "तुम्ही इथं काय करताय?" मालकीणबाईंनी विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं, "ताग्यांची थप्पी लावते."

चौथ्या दिवसापर्यंत सगळं शिस्तीत चाललं. तोंड कोमट पाण्यानं धुवायचं, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम दोन वेळा, बिनवासाचं क्रीम तोंडाला, वर उन्हापासून वाचवणारा पांढरा लेप, मग टोपी. गॅससमोर ताई. चौथ्या दिवशी अंघोळ करताना मात्र तिचे गाल असे पेटले की तिनं बादलीतलं पाणी पुन्हा हातानं तपासलं. कोमटच होतं. तिखट नाही, ऊन नाही, चहा नाही. वहीत आधी काय झालं होतं या रकान्यापाशी तिचं पेन अडलं. आधी काहीच झालं नव्हतं. ती फक्त तीस तारखेचा विचार करत होती. साहेब वाकतात. त्यांना तुकडे ओळखू येतात. मान वर होते, तोंडावरचा रंग उतरतो. सगळ्यांसमोर त्यांना म्हणावं लागतं, "जुळत नाही." मग मालकीणबाई विचारतात, हे तुकडे कुठले, आणि ती सांगते. पाच वर्षं हे चित्र तिनं तोंडात खडीसाखर धरावी तसं चघळलं होतं. आणि आज तिच्या लक्षात आलं, की तिचा रोग पत्र्यानं जितका उसळत नाही तितका या चित्रानं उसळतो. म्हणजे सूड घ्यायचा असेल तर सुडाचा विचार बंद करायला हवा होता. नाहीतर त्या दिवशी ती पुन्हा लालबुंद होऊन उभी राहणार, तिचं खरं पुन्हा खोटं दिसणार, आणि कुणीतरी पुन्हा चांदण्याचं काहीतरी पुटपुटणार. ती बाथरूमच्या फरशीवर बसली आणि तिला हसू आलं. काय पण नशीब. ज्याला पाण्यात बघायचं त्याचा विचारही करायची चोरी.

मग तिनं राग गार करायला घेतला. रोज संध्याकाळी खिडकीत बसायचं, ओला रुमाल मानेवर, आणि चौकशीची ती खोली डोळ्यांसमोर आणायची, अगदी सावकाश, एका वेळी एकच वस्तू. आज फक्त टेबल. उद्या टेबलावरचं कार्ड. परवा साहेबांचे हात. गालात टोचणी आली की थांबायचं, लांब श्वास सोडायचा, आणि परत मागच्या वस्तूपासून सुरुवात करायची. सातव्या दिवशी ती साहेबांच्या वाक्यापर्यंत पोचली. चेहराच बोलतोय, मी वेगळं काय सांगू. गाल गारच राहिले. आत राग तसाच होता, उलट अधिक घट्ट, पण तो आता तोंडावर येत नव्हता. तिला स्वतःचंच थोडं भय वाटलं. आठव्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. "एक जेल आहे," त्या म्हणाल्या, "सकाळी लावलं की आठ-दहा तास लाली दाबून धरतं. पण काहींना उतरताना जास्तच लाल होतं, म्हणून आधी घरी लावून बघा. लग्नकार्य आहे का?" "निरोपसमारंभ आहे," ती म्हणाली. "तुमचा?" "नाही, दुसऱ्याचा." डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि चिठ्ठी लिहिली. नवव्या दिवशी सुट्टी होती. तिनं जेल लावून बघितलं. दिवसभर तोंड दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं पांढरं राहिलं. संध्याकाळी उतरताना तडतडलं, चांगलं तासभर. ताई म्हणाली, "एवढं काय आहे ग त्या माणसात? जातोय तर जाऊ दे की. सुंठीवाचून खोकला चाललाय." "मला सुंठच द्यायचीय," ती म्हणाली. जेवताना ताईनं स्वतःही तिखट घेतलं नाही.

तीस तारखेला शेडरूम माणसांनी भरून गेली. यंत्रावर कुणीतरी चादर टाकली होती, कारण आजचं काम डोळ्यांचं. रंगाच्या टाक्यांवरचे मामा पुढं येऊन बसले होते, हातांची नखं कायमची निळी. हे मामा कारखान्यातले सगळ्यात जुने. तिला सिग्नल न म्हणणारा तेवढाच एक माणूस. "पोरी, आज तोंड निवळलंय तुझं," ते म्हणाले. "औषध लागू पडलं, मामा." "बरं झालं. तू गोदामात गेलीस आणि साहेबांनी पेटीत बघायचंच सोडलं बघ. नुसतं यंत्र. म्हणायचे, डोळ्यांनी बघायचे दिवस गेले." त्यांनी हे सहज सांगितलं आणि तिनं ते तसंच सहज ऐकलं, कारण तिचं चित्त हातातल्या पाकिटाकडे होतं. कार्डाच्या पाठीमागं तिनं सकाळीच बारीक अक्षरात लॉटचा क्रमांक आणि पाच वर्षांपूर्वीची तारीख लिहून ठेवली होती. मालकीणबाई आल्या, दोन शब्द बोलल्या. साहेब उठले. साठी गाठलेला, ताठ, गुळगुळीत दाढी केलेला माणूस, राखाडी कोटात. तिनं काळ्या पाकिटातून तुकडे काढले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं. तुकडे उघडे पडले. मागच्या रांगेतूनसुद्धा दिसावं असं होतं. मामांची मान एकदम पुढं आली आणि तशीच राहिली. साहेब पेटीपाशी आले आणि हसून सगळ्यांना म्हणाले, "आमची सिग्नल कुठाय? इकडे ये, इथं उभी राहा. नेहमीसारखी." लोक हसले. ती कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली, पांढरा उजेड तोंडावर घेऊन.

साहेब वाकले. आता ओळखतील. तिनं लांब श्वास सोडला. टेबल, कार्ड, हात. साहेबांच्या तोंडावर काहीच हललं नाही. ते एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे बघत होते, आंधळा माणूस पायरी चाचपतो तसं, आणि मग त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही. गालांकडे. आधी डाव्या, मग उजव्या, मग नाकाच्या कडेला, जिथं पहिल्यांदा टोचतं तिथं. ही नजर तिच्या ओळखीची होती. अकरा वर्षं रोज सकाळी ही नजर अशीच तिच्या तोंडावरून फिरली होती आणि तिला ते कौतुक वाटलं होतं. आणि त्या दोन-तीन क्षणांत सगळं आपसूक जागच्या जागी बसलं. हा माणूस कापड बघतच नव्हता. त्याच्या डोळ्यांत केव्हाचा पिवळा दिवा लागून राहिला होता. निळं, हिरवट, पारवं त्याला सगळं एकच दिसत होतं, आणि लाल तेवढं शाबूत होतं. चुकलेला नमुना दिसला की तिचे गाल तापायचे, आणि तो ते वाचून म्हणायचा, परत रंगवा. त्या खोलीतला अकरा वर्षांचा प्रत्येक निर्णय तिच्या तोंडानं केला होता. ती नव्हती त्या एका दुपारी त्याला वाचायला काही मिळालं नाही आणि पारव्याचा लॉट बुडाला. बटणाचा आळस नव्हता तो. हे ठाऊक असून त्यानं, जे तोंड त्याला पोसत होतं तेच मालकांपुढं साक्षीला उभं केलं होतं. आता उसळायला काही हरकत नव्हती, उसळायलाच हवं होतं, इतका संताप तिच्या आयुष्यात कधी आला नव्हता. एक लहानसा ठिपका पुरला असता. त्याला कळलं असतं, तो वाचला असता. तिला कानात ठोके ऐकू येत होते. पण दहा दिवस कोमट पाण्यानं धुतलेले, जेलनं दाबलेले, बिनतिखटाचे तिचे गाल काचेसारखे गार होते. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिनं त्याला काहीही सांगितलं नाही.

"जुळतं," साहेब म्हणाले, आणि शिक्का मारला.

टाळ्या पडल्या नाहीत. मग सवयीनं मागून दोन-चार वाजल्या आणि थांबल्या. मामा खाली आपल्या निळ्या नखांकडे बघत होते. साहेबांनी शिक्का तिच्या हातात दिला आणि हसत चौफेर बघितलं, या तोंडावरून त्या तोंडावर, आणि कुठल्याच तोंडावर त्यांना काही वाचता येईना. मालकीणबाई पुढं झाल्या. त्यांनी पेटीत बघितलं, कार्ड उचललं, उलटं केलं. क्रमांक वाचायला त्यांना फार वेळ लागला नाही. ज्या लॉटपायी वडिलांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तुटलं तो क्रमांक त्या घरात पाठ होता. त्यांनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि कार्ड आपल्या फाइलीत ठेवून दिलं. "चहा घ्या सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. लोकांनी चहा घेतला. पाच मिनिटांत सगळे पांगले. साहेबांचं भाषण झालंच नाही, आणि ते झालं नाही हे कुणी बोलून दाखवलं नाही.

सहा वाजता ती फाटकाशी पोचली तेव्हा साहेब तिथं एकटेच उभे होते, काखेत फुलांचा गुच्छ, गाडीची वाट बघत. पहारेकरी मुद्दाम लांब जाऊन उभा राहिला होता. उन्हं उतरली होती, पण उजेड स्वच्छ होता. ती टोपी सारखी करत निघून जाणार होती, तेवढ्यात साहेब म्हणाले, "ऐक ना." तिला त्यांनी नावानं वा टोपणनावानं हाक मारली नाही. ती थांबली. "आज ते दोन तुकडे…" साहेब म्हणाले आणि गुच्छाच्या कागदाशी चाळा करत राहिले. "सगळे असे का बघत होते?" ती फुलांकडे बघत होती. "जुळत होते ना? मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू तर…" म्हातारा दिसत होता तो माणूस, आणि तिला कीव यायला हवी होती असं तिला वाटलं. तिनं आत शोधलं. आली नाही.

"शिक्का तुमचाच आहे ना, साहेब?" ती म्हणाली.

आणि तेव्हा नाकाच्या दोन्ही अंगांना टोचायला लागलं. जेल उतरायची वेळ झाली होती, दहा तास होत आले होते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. ऊब आली, मग आग, गालांवरून कानांकडे, कपाळावर, मानेखाली, दहा दिवसांची साठलेली सगळी. पूर्वी अशा वेळी तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. तिनं टोपी काढली. साहेब बघत होते. लाल त्यांना अजून नीट दिसत होतं. त्यांची नजर डाव्या गालावर आली, मग उजव्या, मग नाकाच्या कडेला, आणि तिथं थांबली. परत रंगवा म्हणायची वेळ टळून गेली होती. काखेतला गुच्छ हळूहळू सरकत खाली पडला आणि त्यांनी तो उचलला नाही. त्यांचं सगळं वाचून होईपर्यंत ती तिथं उभी राहिली. मग टोपी हातात घेऊनच ती रस्त्याला लागली.